शरयूमावशींचं मत

मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी शरयूमावशींच्या यजमानांचा, दिनकरकाकांचा, फोन आला, तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये नुकतीच गाडी लावत होते. काका एरवी मेसेज करतात, फोन करत नाहीत. त्यामुळे स्क्रीनवर त्यांचं नाव दिसलं तेव्हा मी आधी इंजिन बंद केलं. "मुग्धा, शरयू गेली. सव्वासातला," ते म्हणाले. आवाज शांत होता. मग त्यांनी विचारलं, "त्या नर्सबाईचा फॉर्म पोस्टात टाकलास ना? काल दोनदा विचारलं शरयूनं मला." मी टाकला होता. "टाकला, काका," एवढंच बोलले आणि फोन ठेवून स्टिअरिंगवर डोकं टेकून रडत बसले... आणि रडता रडता मला हसू यायला लागलं. कारण शरयूमावशींच्या शेवटच्या आठवड्यातलं सगळ्यात मोठं काम कोणतं, तर हॉस्पिटलमधल्या एका नर्सचं नाव मतदारयादीत घालणं.

ती नर्स मूळची फिलिपिन्सची. सोळा वर्षं इथे अमेरिकेत काढून गेल्या हिवाळ्यात नागरिक झालेली. मावशींनी तिच्याकडून हे सगळं काढून घेतलं ते ती त्यांचं ब्लडप्रेशर घेत असताना. "रजिस्टर केलंस का?" असं विचारल्यावर ती म्हणाली, वेळच झाला नाही. झालं. मावशींनी मला फोन करून लायब्ररीतून फॉर्म आणायला लावला. मी गेले तेव्हा त्या उशीला टेकून बसल्या होत्या, नाकात ऑक्सिजनची नळी, आणि ती बिचारी पलंगाच्या टेबलावर फॉर्म भरत होती. "सही विसरू नकोस," मावशी तिला इंग्रजीत म्हणाल्या आणि मग माझ्याकडे वळून मराठीत, "निम्मे लोक सहीच विसरतात गं." हृदय थकलं होतं त्यांचं, डॉक्टरांनी सगळं स्पष्ट सांगितलं होतं. पण त्या दुपारी ती खोली आजारी माणसाची वाटत नव्हती. ती माझी त्यांची शेवटची भेट.

पहिली भेटही मतदानाच्याच जागी झाली. साडेतीन वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर. इथे ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमध्ये मतदानाच्या दिवसाआधी दोन आठवडे लायब्ररीत मतदान सुरू होतं. मी ईशाची, म्हणजे माझ्या मुलीची, पुस्तकं परत करायला गेले होते. बाहेरच्या बाकावर पांढऱ्या बॉबकटच्या, खादीचा कुडता घातलेल्या एक बाई रांगेकडे बघत बसल्या होत्या, क्रिकेटची मॅच बघावी तशा. मी फोनवर आईशी बोलत होते, ते ऐकून त्यांनी विचारलं, "मत देऊन आलात?" मी म्हटलं, "नाही हो, मला मत नाही. ग्रीन कार्ड आहे." त्यांनी बाकावर बाजूला सरकून जागा केली. "मलाही नाही. बसा." मी बसले. पाऊण तास. त्या मला रांगेतली माणसं दाखवत होत्या. हा पहिल्यांदा मत देतोय, बघा, कागदपत्रं तीनदा तपासतोय. ही बाई चिडून आलीय. हे जोडपं घरून भांडून आलंय, पण आलंय एकत्र. निघताना म्हणाल्या, "एक वी कप चहा घ्यायला याल?" वी म्हणजे इवलासा. हा स्कॉटलंडचा शब्द होता, आणि त्यांच्या मराठीत तो असा मुरला होता की मावशी लसणाच्या चटणीलाही "वी वी घाल" म्हणायच्या.

मावशी मूळच्या कोल्हापूरच्या, काका नागपूरचे. काका तेलाच्या विहिरींचे इंजिनिअर. ऐंशीच्या दशकात उत्तर समुद्रातल्या कामासाठी स्कॉटलंडमध्ये अॅबर्डीनला गेले आणि जवळच्याच एका मासेमारीच्या गावात दोघांनी जवळजवळ चाळीस वर्षं काढली. मुलगा निरंजन अमेरिकेत डॉक्टर झाला, इथेच स्थिरावला. काकांच्या गुडघ्यांनी तिकडच्या थंडीपुढे हात टेकले, तेव्हा त्यानं दोघांना टेक्ससला आणलं. अॅबर्डीनचे तेलवाले शेवटी ह्यूस्टनलाच येऊन पोचतात, असं काका म्हणायचे.

मावशी स्कॉटलंडला पोचल्या त्या वर्षीच त्यांच्या दारात एक माणूस उभा राहिला आणि म्हणाला, नगरपालिकेची निवडणूक आहे, मत द्या. मावशी म्हणाल्या, मी भारतीय आहे, माझा पासपोर्ट भारतीय आहे. तो म्हणाला, चालतं की, तुम्ही कॉमनवेल्थच्या, त्या देशांतल्यांना इथे मत असतं. ही गोष्ट त्या सांगायच्या तेव्हा त्यांचा चेहरा दर वेळी तितकाच उजळायचा. "मुग्धा, मला दूधवाल्याचं नाव माहीत नव्हतं, बसचं तिकीट कुठं काढायचं माहीत नव्हतं, आणि हा माणूस मला विचारतोय की गावाचं काय करायचं. मी त्याला आत बोलावून शिरा खायला घातला." तिथून जे सुरू झालं ते संपलंच नाही. आधी दुसऱ्यांसाठी पत्रकं वाटली, मग स्वतः उभ्या राहिल्या. दोनदा पडल्या. तिसऱ्यांदा निवडून आल्या आणि गावाच्या बससाठी, बंद होऊ घातलेल्या पोहण्याच्या तलावासाठी पाच वर्षं भांडल्या. तिकडच्या दारांना पत्रं टाकायची फट असते आणि फटीमागे कुत्रा असतो. बोटं वाचवायला पत्रक लाकडी उलथन्यावर ठेवून आत सरकवायचं, ही युक्ती त्यांना एका म्हाताऱ्या कार्यकर्त्यानं शिकवली. स्वयंपाकघरातलं एक उलथनं मग कायमचं पर्समध्ये गेलं.

पण त्या घराची खरी मजा वेगळीच होती. मावशी स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याच्या बाजूच्या होत्या आणि काका कट्टर विरोधात. सार्वमत आलं त्या वर्षी त्यांच्या घराच्या दर्शनी बाजूला दोन खिडक्या, एका खिडकीत मावशींचं "हो", दुसऱ्या खिडकीत काकांचं "नाही". गावातले लोक मुद्दाम त्या रस्त्यानं फिरायला यायचे म्हणे. दोघांचा वाद सकाळच्या चहाला सुरू व्हायचा. मावशी म्हणायच्या, "आपलं घर आपण चालवावं. चुकलं तर चूक आपली, सुधारायची तीही आपणच." काका म्हणायचे, "तीनशे वर्षांचा संसार मोडायचा म्हणजे आधी भांडी कोणाची ते ठरवावं लागते. चलन कोणतं? सीमेवर काय करणार? तेलाचा भाव पडला तर?" तेलाचं मात्र काकांना खरंच कळायचं. तिथे मावशी थोड्या अडखळायच्या आणि तेलावरच श्रीमंत झालेल्या नॉर्वेचं उदाहरण द्यायच्या.

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अगदी सहज विचारलं, "काका, तुम्ही नागपूरचे, मग वेगळ्या विदर्भाचं काय?" मावशींनी चमचा खाली ठेवला. "विचार, विचार," त्या म्हणाल्या. काका खाकरले. "तो वेगळा विषय आहे." "वेगळा नाही," मावशी म्हणाल्या, "वेगळा विदर्भ यांना हवाय, वेगळं स्कॉटलंड नको." काका शांतपणे म्हणाले, "आणि हिला वेगळं स्कॉटलंड हवं, पण विदर्भाचं नाव काढलं की महाराष्ट्र एकसंध राहिला पाहिजे म्हणते. विचार तिला." मग दोघं मिळून इतके हसले की निरंजन आतून बघायला आला. चाळीस वर्षं चाललेलं भांडण होतं ते, आणि दोघांनाही ते संपायला नको होतं.

सार्वमतात "नाही" जिंकलं. त्या सकाळची गोष्ट मावशींनी मला एकदाच सांगितली, वाल सोलता सोलता. निकाल ऐकून त्या माजघरात बसून राहिल्या होत्या, दोन वर्षं दारोदार फिरून थकलेल्या. काका काही बोलले नाहीत. स्वेटर घातला, बाहेर गेले. मावशींना वाटलं, शेजाऱ्यांशी आनंद करायला गेले असतील. थोड्या वेळानं त्या दूध घ्यायला उठल्या आणि बघतात तर काकांनी आपल्या खिडकीतलं "नाही" काढून टाकलं होतं. मावशींचं "हो" तसंच होतं. "जिंकलेल्या माणसानं आपली पाटी आधी उतरवली," त्या म्हणाल्या. "मी पुढे सहा महिने माझी काढली नाही. रोज तिच्यावरची धूळ हेच पुसायचे." वालाची साल त्यांच्या बोटांना चिकटली होती... ती त्यांनी नखानं खरवडून काढली. मग म्हणाल्या, "मत मात्र त्यांचं चूकच होतं हं."

लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला निरंजननं हॉल घेतला होता. काका भाषणाला उभे राहिले. तिकडच्या नगरपालिकेत मतपत्रिकेवर उमेदवारांना एक, दोन, तीन असे क्रमांक द्यायचे असतात, हे त्यांनी आधी सगळ्यांना समजावलं आणि म्हणाले, "शरयू दोनदा पडली, कारण दोन्ही वेळा मी तिला दुसरा नंबर दिला होता. तिसऱ्यांदा पहिला दिला. पुढचं तुम्ही जाणता." टाळ्या थांबेपर्यंत मावशी थांबल्या आणि बसल्या जागेवरून म्हणाल्या, "खोटं आहे. तिसऱ्यांदाही दुसराच दिला होता. मी यांना ओळखते."

अमेरिकेत आल्यावर त्यांची एकच खंत होती. स्कॉटलंड सोडलं, तिकडचं मत गेलं. भारतात जाऊन मत देणं वयामुळे जमेना. इथे नागरिक व्हायला पाच वर्षं थांबायला हवं. "तीन देश झाले आणि एकाही ठिकाणी माझं मत नाही," त्या म्हणायच्या. म्हणून असेल, पण माझ्या मतावर त्यांनी स्वतःच्या वस्तूसारखा हक्क सांगितला. सतरा वर्षं व्हिसा आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत काढून मी शपथ घेतली, तेव्हा समारंभाच्या दाराशी माझा नवरा फुलं घेऊन उभा होता आणि त्याच्या शेजारी मावशी, मतदार नोंदणीचा फॉर्म आणि पेन घेऊन. फुलं मी नंतर घेतली.

गेल्या वर्षीच्या जानेवारीची गोष्ट. आमच्या भागातल्या, शाळेपासून दोन मैलांच्या आत राहणाऱ्या मुलांची बस शाळा मंडळानं बंद केली. मुलांनी सहा लेनच्या रस्त्याच्या कडेनं चालत जायचं, फुटपाथ अर्ध्यावर संपलेला, आणि इथला उन्हाळा तर तुम्ही ऐकून असाल. मी मावशींच्या स्वयंपाकघरात बसून तावातावानं बोलत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मे महिन्यात शाळा मंडळाची निवडणूक आहे. उभी राहा." मी हसले. त्या हसल्या नाहीत. मी म्हटलं, "मावशी, मी लॅबमध्ये काम करते. चार माणसांसमोर माझा आवाज फुटत नाही. माझे उच्चार..." "माझे उच्चार काय राणीसारखे होते?" त्या म्हणाल्या. "कोल्हापूरच्या इंग्रजीत मी तलाव वाचवलाय." काका पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "मुग्धा, तू आता नाही म्हणू नको. ती रोज फोन करून राहील." खरंच करत राहिल्या. सहाव्या दिवशी मी अर्ज भरला.

मग अडीच महिने आम्ही दोघी संध्याकाळी आणि शनिवारी-रविवारी दारोदार हिंडलो. मावशी सत्त्याहत्तर वर्षांच्या, डोक्याला रुंद हॅट, पायात पांढरे बूट. पहिल्याच दारापाशी त्यांनी पर्समधून ते लाकडी उलथनं काढलं आणि थबकल्या. दाराला फट नव्हती. "मग टाकायचं कुठे?" मी सांगितलं की पत्रपेटीत टाकायला कायद्यानं बंदी आहे, दाराच्या मुठीला अडकवायचं. त्या अगदी हिरमुसल्या. पण पुढच्याच घरी बेल वाजवली तर बेलमधूनच आवाज आला, "हू इज इट?" घरमालक ऑफिसात बसून फोनवरून बोलत होता. मावशींना हे इतकं आवडलं की त्या दहा मिनिटं बेलशी बोलल्या, त्याच्या मुलाचं नाव विचारलं आणि शेवटी बेलला हात जोडले.

त्यांचे नियम पक्के होते. बेल वाजवली की दोन पावलं मागे यायचं, समोरच्याला भीती वाटता कामा नये. गवत तुडवायचं नाही. फाटक असेल तर लावून घ्यायचं. दारात वाद घालायचा नाही. आणि आपलं सांगण्याआधी त्यांची अडचण विचारायची आणि त्यांच्यादेखत लिहून घ्यायची. त्या लिहिण्यासाठी त्यांनी मला एक जाड वही आणून दिली. पहिल्या आठवड्यात मी पत्रक पुढे करून मावशींकडेच बघायचे. तिसऱ्या आठवड्यात मी एका दारात बोलता बोलता मागे वळून बघितलं तर मावशी तिथे नव्हत्या, गाडीत जाऊन बसल्या होत्या. मी विचारलं, बरं वाटत नाही का? म्हणाल्या, "मस्त आहे मी. तुला माझी गरज नव्हती, म्हणून गेले."

मी हरले. एकशे बारा मतांनी. शनिवारी संध्याकाळी निकाल आला तेव्हा आमच्या घरी पन्नास माणसांची बिर्याणी तशीच झाकून ठेवलेली होती. मला कोणाचं तोंड बघायचं नव्हतं. मावशींनी मला आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं. मला वाटलं जवळ घेतील. त्यांनी माझा फोन माझ्या हातात दिला. "आधी त्यांना फोन कर. अभिनंदन म्हण. त्या वाट बघत असतील." जिंकलेल्या बाई माझ्यापेक्षा वयानं मोठ्या, निवृत्त शिक्षिका होत्या. मी फोन केला. काय बोलले ते आठवत नाही. दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी मावशी दारात हजर. "चल, पाट्या काढायच्यात." लोकांच्या हिरवळीवर माझ्या नावाच्या सत्तरेक पाट्या उभ्या होत्या. त्या भर उन्हात आम्ही एकेक उपटत गेलो, आणि प्रत्येक घरी बेल वाजवून थँक्यू म्हणत गेलो. जिथे पाटी नव्हती अशाही काही घरी मावशींनी थांबायला लावलं. त्यातल्या एका घराला त्या भागातलं एकुलतं एक फाटक होतं. तिथला म्हातारा टेक्सन आजोबा म्हणाला, "मी तुम्हाला मत दिलं नाही, मॅडम. पण एवढ्या सगळ्यांत माझं फाटक लावून जाणाऱ्या तुम्हीच." मावशी दिवसभर ते वाक्य त्याच्या लकबीत म्हणत राहिल्या.

शेवटची पाटी गाडीत टाकल्यावर त्या म्हणाल्या, "आता ती वही त्या बाईंना नेऊन दे." इथे मात्र मी चिडले. अडीच महिन्यांची माझी मेहनत, तीनशे घरांच्या अडचणी, मी का देऊ? मावशी म्हणाल्या, "त्या अडचणी तुझ्या आहेत का?" मी गाडीची डिकी आपटून लावली. "लोकांनी तुला सांगितलं, कारण त्यांना वाटलं तू पोचवशील. मग पोचव." दोन दिवस मी फुरंगटून होते. तिसऱ्या दिवशी वही घेऊन त्या शिक्षिकाबाईंच्या घरी गेले. त्यांनी चष्मा लावून तिथेच वाचायला सुरुवात केली, मला आइस टी दिला, आणि विचारलं, "बसचं हे पान... याबद्दल अजून सांगाल?" ऑगस्टमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा आमच्या कोपऱ्यावर पिवळी बस येऊन थांबली. ईशा चढली. मी मावशींना फोन केला. त्या फक्त "आय," म्हणाल्या. स्कॉटिश होकार. काका मागून विचारत होते, "कोणाची आई? काय झालं?"

त्यांच्या जाण्यानंतर काका कसे राहतील याची सगळ्यांना काळजी होती. मी दर शुक्रवारी सकाळी डबा घेऊन जाते. मे महिन्याच्या पहिल्या गुरुवारी ब्रिटनमध्ये मतदान झालं, इंग्लंडमध्ये नगरपालिकांचं, स्कॉटलंडमध्ये त्यांच्या संसदेचं. दुसऱ्या दिवशी ईशाच्या शाळेला सुट्टी होती म्हणून तिला घेऊन गेले. काका टॅब्लेटवर निकाल बघत होते. कोण जिंकलं, कोण हरलं ते इथे महत्त्वाचं नाही, आणि काकांनाही त्या दिवशी त्याचं फारसं काही वाटत होतं असं दिसलं नाही. ईशा त्यांच्या खांद्यावरून डोकावली आणि तेरा वर्षांच्या मुलीनं विचारावं तसं सरळ विचारलं, "सो, शुड स्कॉटलंड बी इंडिपेंडंट ऑर नॉट?"

काकांनी टॅब्लेट खाली ठेवला आणि बोलायला सुरुवात केली. मला दोन वाक्यांतच कळलं की ते स्वतःचं बोलत नाहीयेत. आपलं घर आपण चालवावं, चुकलं तर चूक आपली... मावशींचे मुद्दे, एकामागून एक, त्याच क्रमानं. ज्या मुद्द्यावर चाळीस वर्षं त्यांनी नकारार्थी मान हलवली, तोही आला. तेलाचा मुद्दा तर त्यांनी मावशींपेक्षा नीट मांडला, कारण आकडे त्यांना पाठ होते. नॉर्वेही आलं. मी डबा तसाच हातात धरून उभी राहिले.

"बट आजोबा," ईशा म्हणाली, "यू आर ऑन द अदर साइड."

"आहे ना," काका म्हणाले. "अजूनही आहे. पण तिची बाजू आता कोण सांगणार? माझी बाजू मी उद्या सांगीन."

परत येताना हायवेला लागल्यावर ईशा म्हणाली, "आय थिंक आजी वॉज राइट. बट ही हॅजन्ट डन हिज साइड यट. कॅन वी गो बॅक टुमॉरो?"

शनिवारी सकाळी ईशा आणि मी नऊ वाजताच काकांकडे पोचलो.